आप्त कोण?

एखाद्या वस्तूचा शोध लागला असे आपण म्हणतो तेव्हा ती वस्तू तोवर कोणासच ठाऊक नव्हती, असे त्या शब्दात गृहीत धरलेले असते. हे गृहीत पुष्कळदा खोटे असते, ही गोष्ट आता कोणी नाकारणार नाही. कोलंबस पोहोचण्यापूर्वी अमेरिकेत माणसे राहत होती हे शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ज्यांना ती वस्तू आधीपासून ठाऊक होती त्यांच्या त्या ठाऊक असण्याला ज्ञान म्हणावयाचे की नाही, आणि ज्ञान म्हणावयाचे तर ते कानावर पडूनही न पडल्यासारखे करणाऱ्यांकडे काही दोष येतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. तो येथे आम्ही एका वीतभर घुबडाच्या आधाराने मांडणार आहोत. घुबडाचा आधार घेणे आपल्याकडे शुभ मानीत नाहीत. पण तत्त्वविचारात शुभाशुभाचे फारसे चालू नये.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर गिनीचे आखात आहे. त्या आखातात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस, प्रिन्सिपे नावाचे ज्वालामुखीतून वर आलेले एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस किलोमीटर. पोर्तुगीज खलाशी पंधराव्या शतकात तेथे पोहोचले तेव्हा बेट निर्मनुष्य होते. पुढे पाच शतके ते पोर्तुगालच्या ताब्यात राहिले आणि १९७५ साली शेजारच्या साओ तोमे बेटासह स्वतंत्र झाले. बेटाच्या उत्तरेकडील भागात जंगल तोडून मळे केलेले आहेत; दक्षिणेचा भाग सुळक्यांचा, दऱ्यांचा आणि दाट जुन्या अरण्याचा असून तेथे वस्ती नाही. या अरण्यात करड्या रंगाचे, तांबड्या शेपटीचे ते प्रसिद्ध पोपट राहतात, ज्यांना माणसासारखे बोलता येते म्हणून जगभर पिंजऱ्यात घालतात. पोपटांची पिले काढून विकणे हा बेटावरील काही लोकांचा पिढीजात धंदा होता. उंच झाडावर चढावयाचे, ढोलीत हात घालावयाचा आणि हाताला लागेल ते बाहेर काढावयाचे, असा तो धंदा. या लोकांचे असे सांगणे होते की, कधी कधी ढोलीत पोपटाऐवजी एक बारकेसे घुबड बसलेले आढळते.

बेटावरील रहिवाशांच्या अशा सांगण्याचा माग १९२८ पर्यंत मागे नेता येतो. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत मात्र प्रिन्सिपेवर घुबड नव्हते. १९९८ पासून काही अभ्यासकांना तेथे असा पक्षी असावा असा संशय येऊ लागला; २०१६ साली तो प्रत्यक्ष पाहण्यात आला; आणि २०२२ साली मार्टिम मेलो व त्यांचे सहकारी यांनी त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘ओटस बिकेजिला’ असे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे ज्याला शिंगळा घुबड म्हणतात त्याच्याच कुळातील हा पक्षी. त्याचा आवाज म्हणजे एकच आखूड सूर, सेकंदाला सुमारे एक या गतीने पुनःपुन्हा काढलेला, आणि कीटकाच्या आवाजाशी बराच मिळताजुळता. अंधार पडतो न पडतो तोच नर-मादी मिळून तो काढू लागतात. ज्याला ठाऊक नाही तो त्यास रातकिडा समजून खुशाल झोपी जाईल. ठाऊक असणाऱ्याला ते घुबड आहे हे कळत होते. मग १९२८ ते २०१६ या अठ्ठ्याऐंशी वर्षांत हे घुबड ज्ञात होते की अज्ञात?

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात या प्रश्नाची सामग्री भरपूर आहे, आणि ती अडगळीत पडलेली पाहून आम्हांस नेहमी हळहळ वाटते. चार्वाकाला विचारले तर तो म्हणेल, पाहिल्यावाचून ज्ञान नाही. म्हणून घुबड हे फक्त पोपट काढणाऱ्यांस ज्ञात, इतरांस अज्ञात. बौद्ध आणि वैशेषिक म्हणतील, दुसऱ्याच्या बोलण्यावरून होणारे ज्ञान हा अनुमानाचाच एक प्रकार आहे. बोलणारा विश्वसनीय असेल तर त्याचे बोलणे हे हेतू धरून वस्तूचे अनुमान करावे. नैयायिक मात्र शब्द हे प्रत्यक्ष व अनुमान यांच्या बरोबरीचे स्वतंत्र प्रमाण मानतो. आप्ताने सांगितले की ज्ञान झाले. येथे सामान्य वाचक ‘आप्त’ म्हणजे वेद, ऋषी किंवा गुरू असे समजतो आणि शब्दप्रमाण म्हणजे अंधश्रद्धेचे सभ्य नाव होय असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. परंतु न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची जी लक्षणे दिली आहेत ती पाहण्यासारखी आहेत. त्याने वस्तू साक्षात् जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा त्याला असावी, एवढेच तो मागतो. पुढे तर तो स्पष्टच म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. ज्या समाजात पाणी कोणाच्या हातचे प्यावे याचे शास्त्र तयार झाले होते, त्याच समाजातील एका तार्किकाने खरे कोणाच्या तोंडून घ्यावे याविषयी असा निर्बंध घातला नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

याहून मौजेची गोष्ट उपमान प्रमाणाची आहे. त्याचे ठरलेले उदाहरण असे: एका नगरवासी माणसास ‘गवय’ हा शब्द ठाऊक आहे, पण ते जनावर ठाऊक नाही. अरण्यात राहणारा एक जण त्याला सांगतो की गवय गायीसारखा असतो. पुढे हा नगरवासी रानात जातो, गायीसारखे जनावर पाहतो, आणि हाच तो गवय असे ओळखतो. शेकडो वर्षे विद्यार्थ्यांनी हे उदाहरण घोकले. परंतु त्यात शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण याकडे फार थोड्यांनी पाहिले असेल. नागरिक शिष्य आणि वनचर गुरू, ही त्या उदाहरणातील मांडणी कोणास खटकली नाही. प्रिन्सिपेच्या अरण्यात जे घडले ते या उदाहरणाची शब्दशः पुनरावृत्ती आहे, फक्त ऐकणे आणि रानात जाणे यांमध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर पडले.

शास्त्राच्या बाजूने यावर जे म्हणता येईल ते पुष्कळ सबळ आहे. लोक घुबडाविषयी जितके सांगतात तितके दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याविषयी सांगत नसतील, आणि त्यातील बहुतेक खोटे असते. घुबड मृत्यूची वर्दी देते, घुबडाला दगड मारल्यास ते तो दगड नदीत झिजवीत बसते, असले किती तरी समज आपल्याकडेच आहेत. पिंगळा जोशी तर पहाटे कंदील घेऊन दारी येतो आणि पिंगळ्याच्या बोलीतून आपले भविष्य सांगतो. अशा सगळ्या सांगण्यावर शास्त्राने विश्वास ठेवावा काय? लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सयामच्या राजाची एक गोष्ट दिली आहे. डच वकिलाने त्याला सांगितले की आमच्या देशी हिवाळ्यात पाणी इतके घट्ट होते की त्यावरून हत्तीसुद्धा चालत जाईल. राजा म्हणाला, आजवर तुमच्या चमत्कारिक गोष्टी मी खऱ्या मानल्या, आता मात्र तुम्ही खोटे बोलता अशी माझी खात्री झाली. पुढे डेव्हिड ह्यूमने अशाच एका हिंदी राजपुत्राचा दाखला देऊन म्हटले की त्याचा अविश्वास तर्कदृष्ट्या योग्यच होता. ज्याने बर्फ कधी पाहिले नाही त्याने बर्फाची गोष्ट सहजासहजी मानू नये. आम्हांसही हे मान्य आहे. ढोलीत घुबड आहे एवढे ऐकून पुस्तकात एका नव्या जातीची नोंद करणारा पक्षिशास्त्रज्ञ नालायकच ठरला असता. मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची मापे, पिसांचे रंग, आवाज आणि आनुवंशिक द्रव्य अशा चारही बाजूंनी तपासणी करून मगच नाव दिले, हे त्यांना शोभण्यासारखेच होते.

परंतु या युक्तिवादात एक चोरवाट आहे. विश्वास न ठेवणे आणि पाहावयास न जाणे या दोन गोष्टी एकच असल्याप्रमाणे त्यात बोलले जाते. सयामच्या राजाला हॉलंडला जाणे शक्य नव्हते. त्याचा अविश्वास तेथेच थांबला तर त्याला दोष देता येत नाही. प्रिन्सिपेचे अरण्य मात्र बोटीने येणाऱ्या कोणाही अभ्यासकापासून एका दिवसाच्या वाटेवर होते. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशय हा तिसरा पदार्थ आहे, आणि वात्स्यायनाचे म्हणणे असे की, जे अगदीच अज्ञात आहे किंवा ज्याचा निर्णय झालेला आहे तेथे न्याय प्रवृत्त होत नाही. जेथे संशय आहे तेथेच तो प्रवृत्त होतो. म्हणजे संशय हा विचाराचा उंबरठा आहे. ज्याला संशय आला त्याने उठून चालू लागावे, अशीच त्यात अपेक्षा आहे. उंबरठ्यावरच बैठक मांडून ‘अद्याप सिद्ध झालेले नाही’ असे म्हणत राहणारा माणूस संशयवादी म्हणवून घेतो. वस्तुतः त्याला संशय आलेलाच नसतो. सांगणारा ‘कोण’ आहे हे पाहून त्याने आतल्या आत निर्णय करून टाकलेला असतो.

आम्ही हे कठोरपणाने म्हणत आहोत असे वाटत असेल तर त्याच बेटाच्या इतिहासातील दुसऱ्या दोन गोष्टी पाहाव्यात.

२९ मे १९१९ रोजी प्रिन्सिपेवरील सुंडी नावाच्या कोकोच्या मळ्यात आर्थर एडिंग्टन हा इंग्रज ज्योतिर्विद खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेत होता. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो असे आइन्स्टाइनचे भाकीत होते. ते तपासावयाचे होते. आकाश ढगाळले. घेतलेल्या काचांपैकी अगदी थोड्याच उपयोगी पडल्या. ब्राझीलमधील सोब्राल येथे दुसरी तुकडी होती, तिच्या काचा मिळून हिशेब झाला, आणि ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या विद्वत्सभेत निर्णय जाहीर झाला. दुसऱ्या दिवसापासून जगाने तो मानला. एडिंग्टनने खोटे सांगितले असे आमचे मुळीच म्हणणे नाही; पुढील अनेक ग्रहणांत तेच सिद्ध झाले आहे. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, तुम्हांआम्हांस ताऱ्याचा प्रकाश वाकतो हे ज्ञान झाले ते शब्दप्रमाणाने. आम्ही कोणी त्या काचा पाहिल्या नाहीत, पाहिल्या असत्या तर त्यांतले काही कळले नसते. सव्वापाच महिन्यांत, ढगाआडून मिळालेल्या चारदोन ठिपक्यांवरून, विश्वाच्या रचनेविषयीचे एक विधान त्या बेटावरून जगाने उचलले. त्याच बेटाच्या दक्षिणेस तेव्हाही अंधार पडताच घुबडे बोलत असली पाहिजेत.

दुसरी गोष्ट कोकोची आहे आणि ती इतकी निरुपद्रवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी साओ तोमे आणि प्रिन्सिपे ही बेटे जगाला कोको पुरविणाऱ्या प्रमुख ठिकाणांपैकी होती. मळ्यांवर राबण्यासाठी अंगोलातून माणसे आणीत. कागदोपत्री ते पाच वर्षांच्या कराराचे मजूर. प्रत्यक्षात परत गेलेला मजूर शोधून सापडत नसे. इंग्लंडातील कॅडबरी हे चॉकलेटचे कारखानदार या कोकोचे मोठे गिऱ्हाईक होते. ते क्वेकर पंथाचे, गुलामगिरीचे वंशपरंपरेने विरोधक, आपल्या कामगारांसाठी बागाबंगल्यांचे गाव वसविणारे. १९०१ साली साओ तोमेवरील एका मळ्याच्या विक्रीचा कागद त्यांच्या नजरेस आला. त्यात जनावरे आणि अवजारे यांच्याबरोबर मजुरांचीही किंमत लावलेली होती. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु कंपनीस खात्री करून घ्यावयाची होती. १९०५ साली तिने जोझेफ बर्ट नावाचा आपला माणूस चौकशीस धाडला. त्याने बेटे व अंगोला पाहून येऊन गुलामगिरी आहे असेच सांगितले. १९०६ साली हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराचे पुस्तक निघाले, त्यात तेच. मग १९०८ साली विल्यम कॅडबरी स्वतः गेले. १९०९ च्या मार्चमध्ये कंपनीने तो कोको घेण्याचे बंद केले. या दिरंगाईबद्दल लंडनच्या एका वृत्तपत्राने टीका केली, तेव्हा कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. तो ती जिंकली. परंतु पंचांनी भरपाई ठरविली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

या आठ वर्षांत त्या सद्गृहस्थांनी कोणास फसविले असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज सरकार सुधारणा करील, एकदम खरेदी थांबविली तर बोलण्याचा अधिकारच राहणार नाही, अशी त्यांची कारणे होती आणि ती सगळीच ढोंगी नव्हती. आमचा आक्षेप इतकाच आहे की, ज्या पुराव्याची ते वाट पाहत होते तो सारा मळ्यावर उघडा पडलेला होता. तेथे राबणारा प्रत्येक जण साक्षात् जाणणारा होता. कमी होते ते फक्त असे एक तोंड, ज्यातून निघालेले वाक्य इंग्लंडात वाक्य म्हणून ऐकले जाईल. ते तोंड शोधून, त्याला आधी पोर्तुगीज भाषा शिकवून, बोटीने पाठवून परत आणीपर्यंत कोको येतच होता. घुबडाच्या बाबतीत झालेल्या विलंबाने कोणाचे प्राण गेले नाहीत. पण विलंबाची जात एकच आहे.

उलट बाजूचे उदाहरण आमच्या घरचेच आहे. १८७२ साली मिळालेल्या एका नमुन्यावरून पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने रानपिंगळ्याचे वर्णन केले. (तत्त्ववेत्ता ह्यूम निराळा, हा काँग्रेसच्या संस्थापकांपैकी.) खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या वर्षांत आणखी नमुने मिळविले, आणि १८८४ नंतर हा पक्षी शास्त्राच्या दृष्टीआड झाला. त्यानंतरची एकच नोंद पुस्तकांत होती: कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविलेला नमुना. कर्नलसाहेब लष्करातील नामांकित, पक्षिशास्त्रात अधिकारी पुरुष. त्यांच्या चिठ्ठीवर कोणी प्रश्न विचारला नाही. ती चिठ्ठी खोटी होती. पामेला रॅस्मुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली दाखवून दिले की तो नमुना डेव्हिडसनचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीनिशी मांडलेला होता. त्या चिठ्ठीच्या भरवशावर कित्येक शोध भलत्या ठिकाणी घेण्यात आले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, रॅस्मुसेन व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला तो शहाद्याजवळ, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या मुलखातच. हे घुबड बहुतांशी दिवसा वावरणारे, उघड्या फांदीवर बसणारे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल-पावऱ्यांच्या नजरेस ते शतकभर पडलेच नसेल असे मानणे कठीण. शास्त्राने एकाचे ऐकले, कारण तो कर्नल होता. दुसऱ्यांना विचारावे असे फारसे कोणास सुचले नाही. वात्स्यायनाच्या दोन कसोट्यांपैकी एकही कर्नलसाहेबांस लागू पडत नव्हती.

येथे एक मोह टाळला पाहिजे. नागरिक तो खोटा आणि वनवासी तो खरा, वन्य माणसाचे हृदय निर्मळ म्हणून त्याचे ज्ञान निर्मळ, अशी एक काव्यमय समजूत हल्ली सुशिक्षितांत पसरली आहे. प्रिन्सिपेचे घुबड तिला दुजोरा देत नाही. पोपट काढणारे घुबडावर प्रेम करीत नव्हते. ते पिले चोरावयास चढले होते. ज्या हाताने ढोली लुटली त्याच हाताला घुबड लागले. बिकेजिला हे ज्याचे टोपणनाव या पक्ष्यास दिले आहे, तोही पूर्वी हाच धंदा करणारा होता. पुढे तो त्याच अरण्याच्या राखीव उद्यानाचा रक्षक झाला. त्याने अभ्यासकांना माहिती दिली, वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर शोध घेतला, आणि त्याच्यावाचून हे काम झाले नसते असे त्या अभ्यासकांनीच लिहून ठेवले आहे. त्याचे साधुत्व कोणी तपासले नाही, तपासण्याचे कारणही नव्हते. आप्तता हा चारित्र्याचा दाखला नाही. तो एका वस्तूपुरता, एका सांगण्यापुरता असलेला अधिकार आहे. ढोलीत काय आहे याविषयी ढोलीत हात घातलेला माणूस आप्त, कोकोच्या भावाविषयी तो आप्त असेलच असे नाही.

नाव दिले म्हणजे देणे फिटले काय, असे कोणी विचारील. आजवर पक्ष्यांना गव्हर्नरांची, कर्नलांची, त्यांच्या बायकामुलींची नावे लाभली. त्या यादीत एका पोपट काढणाऱ्याचे नाव लॅटिन थाटात जाऊन बसले, याचा आम्हांस आनंदच वाटतो, आणि त्या नावाने आपण सर्वच स्थानिक सोबत्यांचा गौरव करीत आहोत असे अभ्यासकांनी म्हटले हेही योग्य झाले. तथापि ऐकण्याचे काम नाव देण्याने संपत नाही, कारण सांगण्यासारखे अद्याप पुष्कळ उरलेले आहे. हे घुबड बेटाच्या दक्षिणेस, जुन्या अरण्याच्या अवघ्या सुमारे १५ चौरस किलोमीटर टापूत राहते; संख्या हजार ते दीड हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे. जगात दुसरीकडे ते कोठेही नाही. २०१२ पासून सारे बेट युनेस्कोच्या संरक्षित जीवावरणांत मोडते, तरी एवढ्याशा जागेत राहणारी जात म्हणून ती अत्यंत संकटग्रस्त मानावी अशी शिफारस अभ्यासकांनी केली. त्यांनी हे लिहिले त्या वेळी या टापूच्याच एका भागात लहानसे जलविद्युत धरण बांधण्याची योजना पुढे आलेली होती. विजेची गरज बेटावरील माणसांना आहे, आणि ती घुबडापेक्षा हलकी आहे असे दूर दिव्याखाली बसून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी म्हणू नये. पण कोणत्या दरीत रात्री किती जोड्या बोलतात, कोणते झाड पोकळ आहे, पाणी कोठे अडविले तर काय बुडेल, हे साक्षात् जाणणारी माणसे आता त्याच अरण्यात रक्षकाच्या नोकरीवर आहेत. धरणाचा आराखडा घेऊन कोणी तेथे गेलाच, तर त्याने आपला कागद उलगडण्याआधी त्यांच्यापैकी कोणाबरोबर एक रात्र दरीत काढली की नाही, हे आम्हांस जाणून घ्यावयास आवडेल.